तेल लावलेले इंजिन आणि मागची खोली

मी, गुरुबसप्पा शिवलिंगप्पा हत्तुरे, वय ४६, बी.एस्सी., महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक, राहणार सोलापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. रागाशिवाय लिहीत आहे, असे मात्र म्हणवत नाही. पुढच्या आठवड्यात मिरजेला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे.

१. घराचा पुढचा भाग व पोस्टातील बचत पत्नी सौ. रुद्राणीस.

२. टाकाऊ प्लॅस्टिकपासून केलेली माझी सर्व मॉडेले, ब्रश, रंगही तिलाच. अनोळखी प्लॅस्टिक, फुटक्या रेडिओचे असो की साबणदाणीचे, आधी आतल्या बाजूला थिनरचा थेंब टाकून पाहावे. चिकट झाले तर तो रंग त्यावर देऊ नये. मग बारीक पॉलिशपेपरने घासावे, साबणाने धुवावे, सावलीत वाळवावे आणि नंतर बोटही लावू नये; तेलकट जागी रंग धरत नाही. हे तिला येते. इतरांनी तिला शिकवायला जाऊ नये म्हणून लिहिले.

३. वाटणीत मला आलेली मागची खोली. इथे मी मॉडेले करतो. धाकटा भाऊ मडिवाळप्पा याला ती आणखी एका यंत्रमागासाठी हवी आहे. माग बसला की उडणारा कापूस ओल्या रंगावर चिकटणार, म्हणजे इथले काम संपले.

गेल्या खंडेनवमीला मी सासुरवाडीस वळसंगला होतो. मडिवाळप्पाने पूजेसाठी मागांना तेल दिले आणि त्याच हाताने, रंगासाठी धुऊन ठेवलेल्या माझ्या बार्शी लाईनच्या रेल्वे इंजिनाच्या मॉडेललाही तेल चोळून विभूती लावली. नंतर पुसून ठेवले. मी परतून रंग दिला. प्रदर्शनात तो उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सुटला. मडिवाळप्पा चारचौघांत हसला, “पेलास्टिकच हलकं हाय अण्णा! लोखंडाचं करायचं की!”

घरी विचारले, तेल लावलेस का? “देवाशपथ न्हाय.”

त्याच प्लॅस्टिकच्या उरलेल्या, तेल न लागलेल्या तुकड्यावरचा रंग नखाने खरवडूनही निघत नाही. इंजिनाच्या सांध्यांना मागाच्या तेलाचा वास येतो, फटीत विभूतीही राहिली आहे. पुन्हा का धुतले नाही, हे मी स्वतःला विचारले आहे. घरातल्या माणसावर विश्वास होता, हे उत्तर. पूजेचा मला राग आहे का, हेही विचारले. नाही. त्याने भक्तीनेच केले. राग खोट्या शपथेचा आहे.

म्हणून, मडिवाळप्पाने दोन साक्षीदारांसमोर ‘तेल मी लावलं’ एवढे म्हटले तर खोली त्याची. न म्हटल्यास रुद्राणीची, आणि तिथे माग कधीही बसवू नये.

४. पुरवणी. वरील मजकूर आज साक्षीदारांना वाचून दाखवला. मडिवाळप्पा दारात उभा होता.

“एवढंच व्हय, अण्णा? तेल मी लावलं. लई लावलं! आता किल्ली कुटं हाय?”

रुद्राणी म्हणाली, “फाडा तो कागद.”

सही झालेली नव्हती, फाडता आला असता. पण शरम वाटली पाहिजे, अशी अट मी घातली नव्हती. एवढे म्हण, असे लिहिले होते. तेवढे तो म्हणाला.

खोली मडिवाळप्पाची. मॉडेले रुद्राणीने वळसंगला न्यावीत. मी त्याला क्षमा केली, असे माझ्यामागे कोणीही सांगू नये.

साक्षीदार: १. धोंडिराम येडू कांबळे, शेजारी
२. कल्लप्पा बिरप्पा पुजारी, सहकारी

सही: गु. शि. हत्तुरे
सोलापूर, १४ नोव्हेंबर १९७६