सात नंबरचे केस

३ फेब्रुवारी

पुरुषांच्या सामन्याला सोळा कॅमेरे. बायकांच्या सामन्याला एक. आणि तो एक माझा!

आज ठरलं. पात्रता फेरीचे तिन्ही सामने आमचं चॅनल दाखवणार. प्रोड्यूसर म्हणाला, घरचंच कार्य आहे तुझं, तूच उभा राहा. सगळे हसले, मीही हसलो. हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

घरचंच खरं. धाकटी देशाच्या फुटबॉल संघात बचावाला खेळते. सख्खी बहीण. संघातल्या मुली तिला भिंत म्हणतात. पुरुषांच्या सामन्यात मी गोलाच्या मागे कोपऱ्यात असतो. माझा शॉट कधी घेतलाच तर घरी आल्यावर हिला, बायकोला, सांगतो, बघितलास का. आता तीन सामने सगळं मीच. ओसाड गावी एरंड बळी.

७ फेब्रुवारी

पहिला सामना. १-१.

दुपारचं ऊन, प्रेक्षकांत शाळेची आणलेली पोरं आणि खेळाडूंचे नातेवाईक. मी मधल्या रेषेवरच्या मचाणावर. कानात हेडफोन, हेडफोनात प्रोड्यूसर. तो बाहेर व्हॅनमध्ये बसतो, पंख्याखाली. उंटावरून शेळ्या हाकायला.

त्याचा नियम एकच. चेंडू बाहेर गेला, खेळ थांबला, की कॅमेरा सातकडे. सात नंबर म्हणजे उजवीकडून धावणारी ती उंच मुलगी. देखणी आहे. खेळतेही झकास, पण ते कुणाला हवंय? "चेंडू कुणी बघत नाही रे यांचा. चेहरे बघतात. चेहरे दे." वर्षानुवर्षं हेच ऐकतोय.

उत्तरार्धात धाकटीने गोलरेषेवरून चेंडू काढला. अंग झोकून! गोलकीपर कधीच हरली होती. मी न राहवून तिच्यावर गेलो. मातीने माखलेली, दात विचकून ओरडत होती. कानात आवाज आला, "अरे रेडा कशाला दाखवतोस? — सॉरी, तुझी बहीण ना!" मागे व्हॅनमधल्या चौघांचं हसणं.

मी सातवर गेलो. लगेच गेलो. याचा राग आता इथे लिहिताना येतोय, तेव्हा आला नाही.

८ फेब्रुवारी

आईचा फोन. तिने मोबाइलवर अख्खा सामना बघितला. "दीड तास डोळे फोडले. एकदा पाठ दिसली, एकदा हात. बहिणीला दाखवायला काय पैसे पडतात का रे?"

तिला काय सांगणार? म्हटलं, आई, बचाववाले मागे असतात, कॅमेरा चेंडूबरोबर पुढे असतो. ती म्हणाली, मग ती सात नंबर कुठे असते?



१४ फेब्रुवारी

दुसरा सामना जिंकलो. २-०. पेपरात चार ओळी, त्यातही गोल करणारीचं आडनाव चुकलं. खाली पाच कॉलमांत पुरुष संघाच्या नव्या जर्सीचा रंग.

सामन्याखालच्या प्रतिक्रिया वाचल्या. वाचू नका म्हणून ही हजारदा सांगते. पण फोडाला हात गेल्याशिवाय राहत नाही. "स्लो मोशन लावलंय का?" "आमच्या गल्लीतली पोरं दहा गोलांनी हरवतील." "सात नंबरचं लग्न झालंय का?" आणि धाकटीचा फोटो — माझ्याच शॉटमधून काढलेला, तो मातीचा. खाली लिहिलंय, "हा दादा कोण?" त्याला दोन हजार जणांनी हसरे चेहरे टाकलेत.

तो शॉट मी प्रेमाने घेतला होता. हात दाखवून अवलक्षण!

२१ फेब्रुवारी

हरलो. संपलं सगळं. जसं झालं तसं लिहितो.

बरोबरी पुरली असती. १-१ चालू होतं, शेवटची पाच-सात मिनिटं. चेंडू आमच्या बाजूलाच, मचाणाखाली बाहेर गेला. थ्रो-इन आमचं. कानात प्रोड्यूसर — "सातवर जा! केस सुटलेत तिचे." गेलो. सात उभी होती, दातांत रबर धरलेलं, दोन्ही हातांनी केस वर गोळा करत होती. ऊन मागून. शॉट चांगला होता, खोटं कशाला बोलू. "धर... धर... सोडू नकोस." थ्रो-इन झालं हे मला प्रेक्षकांच्या आवाजावरून कळलं. तरी तो म्हणाला, धर. मी धरला.

मग शिट्टी.

कॅमेरा फिरवला तोवर त्यांची नऊ नंबर आमच्या गोलाजवळ तोंड धरून लोळत होती. धाकटी दोन्ही हात वर करून उभी. लाइनवरच्या पंचाचा झेंडा वर. रेफरीने खिशात हात घातला. लाल कार्ड. पेनल्टी. गोल.

धाकटी मैदानाबाहेर गेली तेव्हा मी तिच्यावरच होतो. आता कुणी म्हणालं नाही, सातवर जा म्हणून. लाल कार्ड दाखवायला सगळ्यांना आवडतं.

२२ फेब्रुवारी

धाकटी इकडेच आलीय, मागोमाग आईही. तिच्या खोलीखाली लोक येऊन शिट्ट्या मारतात. संघासाठी कधी शंभर माणसं जमली नाहीत, शिव्या द्यायला जमली.

रेफरीचा अहवाल आला. मुद्दाम कोपर मारलं, चेंडू जवळपास नसताना. नऊ नंबरचा गाल सुजलाय. वर्षाची बंदी मागितलीय, निर्णय शिस्त समितीचा. आमच्या महासंघाने हात वर केलेत. एकतिसाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काय ते आम्हा दोघांना ठाऊक आहे. पुन्हा कोण घेणार तिला?

जेवायला बसली, एवढंच म्हणाली, "मी हात लावला नाही, दादा." मग ताट सारलं.

चित्रीकरण असतं तर एका मिनिटात निकाल लागला असता. चित्रीकरण नाही. कारण कॅमेरा एक, आणि तो केसांवर. आणि कॅमेऱ्यामागे मी. शिव्या द्यायच्या तर मलाच द्यायला हव्या होत्या त्या लोकांनी.

२४ फेब्रुवारी

केसांची क्लिप! सगळीकडे तीच. ऑफिसात, न्हाव्याकडे, हिच्या भावाच्या मोबाइलवर. "सामना हरलो तरी पैसे वसूल." प्रोड्यूसरने माझ्या पाठीवर थाप मारली. चॅनलच्या कुठल्याही क्लिपपेक्षा जास्त बघितली गेली म्हणे.

आजवर एवढे सामने चित्रित केले. माझं नाव झालं ते यासाठी.

२६ फेब्रुवारी

सातचा फोन. रडत होती. शॅम्पूवाल्यांनी ती क्लिपच विकत घेतली, चॅनलकडून. तिच्याशी वेगळा करार. "दादा, मला ताईचं फार वाईट वाटतंय." मग म्हणाली, पहिला गोल माझ्या पासवर झाला, ते कुणी दाखवलं का? मी म्हटलं, दाखवलं होतं. मी दाखवलं होतं, पण कुणी बघितलं नाही.

केस कापायचे होते म्हणे तिला. करारात आहे, वर्षभर कापायचे नाहीत.

बरी मुलगी आहे. तिच्यावर राग धरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

२७ फेब्रुवारी

सापडलं!!

शॅम्पूवाल्यांसाठी मूळ चित्रीकरण मोठ्या पडद्यावर लावलं होतं. रंग बघायला. सगळे केस बघत होते. मी कंटाळून मागे बघितलं — सातच्या डोक्यामागे. फोकस नाही, सगळं धूसर. पण मागे गोल आहे. आमचाच गोल! आणि दोन आकृत्या. एक रुंद, एक किरकोळ. रुंद ती धाकटी. आईच्या पोटात होती तेव्हापासून बघत आलोय तिला, धुक्यातही ओळखेन.

दोघींत अंतर आहे. चांगलं हातभर. मग सातचं कोपर वर येतं, केसांना रबर लावताना, आणि दोघी झाकल्या जातात. क्षणभरच. कोपर खाली येतं तेव्हा एक जमिनीवर आहे, आणि धाकटी होती तिथेच. जराही हललेली नाही! हातभर लांबून कोपर कसं लागेल? नऊ नंबर स्वतःच पडली. नाटक!

लाखो लोकांनी हे बघितलंय. मोबाइल डोळ्याला लावून बघितलंय, थांबवून थांबवून बघितलंय. साऱ्या देशाच्या नाकासमोर होतं. एकालाही मागे काय आहे ते दिसलं नाही. मलाही नाही दिसलं, चित्रित मी केलं तरी.

धाकटीला दाखवलं. तिने तीनदा बघितलं. "हे देशील तू समितीला?" म्हटलं, देणार म्हणजे काय, देणारच! ती उठून आत गेली. आईने मात्र पडद्याला हात लावला, जिथे ती दिसत होती तिथे.

१ मार्च

प्रोड्यूसर नाही म्हणतो. चित्रीकरण चॅनलचं, शॅम्पूवाल्यांशी करार झालेला. समितीपुढे गेलं की प्रश्न येणार, खेळ चालू असताना कॅमेरा तिथे का होता? "माझं नाव घेणार तू? वीस वर्षं कॅमेऱ्यामागे काढलीस, आता पुढे यायची हौस आलीय?"

म्हटलं, मूळ प्रत नको मला. क्लिप तर जगाकडे आहे.

"मग बघ बाबा. दगडाखाली हात तुझा आहे."

ही म्हणाली, घराचं काय ते मी बघते, तुम्ही जा. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिला आज पहिल्यांदा नीट बघितलं असं वाटलं.

५ मार्च

शिस्त समिती. लांबट खोली, लांबट टेबल, पलीकडे तिघं. मधल्या बाई पूर्वी पंच होत्या. क्लिप लावली. उजवीकडचा गृहस्थ सवयीने हसला, मग जीभ चावली.

मी सांगितलं, मागे बघा. केस सोडा, मागे. दोघींतलं अंतर दाखवलं. कोपर वर जायच्या आधीचं, नंतरचं. बाईंनी विचारलं, मधल्या क्षणाचं काय? म्हटलं, तो क्षण नाही. का नाही? कारण चेंडू खेळात असताना मला केस दाखवायला सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलं. कुणी सांगितलं तेही सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मी पंच होते तेव्हाही हेच होतं.

धाकटीला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? ती उठली. "दादाने सांगितलं ते सगळं खरं आहे." बसली.

बाहेर आल्यावर मी तिला जवळ घेतलं. लाकडासारखी ताठ होती. दमली असेल.

६ मार्च

उद्यापासून येऊ नका म्हणाले. लेखी नाही, तोंडी. हेडफोन जमा केला.

९ मार्च

वारं फिरलं! मधल्या बाईंनी निकालपत्रात सगळं लिहिलं — एक कॅमेरा, केस, सारं. ते पेपरांनी उचललं. कालपर्यंत चार ओळी देणारे आज पहिल्या पानावर रडताहेत. "आपण नेमकं काय पाहत होतो?" म्हणे. तुम्ही केस पाहत होतात! तिला रेडा म्हणणारे, दादा म्हणणारे, सगळे आता ताई म्हणताहेत. खोलीखाली लोक फुलं ठेवून गेले. त्यांतले काही शिट्ट्या मारणारेच असतील.

बंदी उठली. पुराव्याअभावी संशयाचा फायदा. त्यांची नऊ नंबर रडत म्हणाली, मी खोटं बोलले नाही. आता तिला शिव्या पडताहेत. मी वाचल्या नाहीत. खरं तर वाचल्या, आणि बरं वाटलं.

पुढच्या सामन्याला चार कॅमेरे! एक फक्त बचावावर. त्यातला एकही माझा नाही. चालेल. आईला लेक दिसेल.

मी आनंदात असायला हवं. नोकरी गेली तरी. दुपारपासून बसून राहिलोय. सबंध आयुष्य ज्या डोळ्यांवर पोट भरलं, त्यांनी एकदाच नीट बघितलं, असं वाटतंय. तेवढं पुरे.

१० मार्च

सकाळी धाकटी सामानाची पिशवी घेऊन निघाली. सरावाला. दारात बूट घालता घालता, खाली बघूनच म्हणाली —

"मारलं होतं मी, दादा. ती नऊ नंबर तासभर चिमटे काढत होती, बाप्या म्हणत होती. वर बघितलं, तू सातकडे वळला होतास. म्हटलं, आता कुणी बघत नाही. एक पाऊल पुढे गेले, मारलं, मागे आले."

समितीपुढे का नाही बोललीस, विचारलं.

"पहिल्यांदाच सगळे माझ्याकडे बघत होते."

आईने आतून विचारलं, काय चाललंय रे दोघांचं? म्हटलं, काही नाही.