पॅरिस, बुधवार आणि दोन कूपनं

बुधवार, २ जुलै
अनुजाला बँकेत प्रमोशन मिळालं. पण नाशिकला जावं लागेल. हो की नाही, ते चोवीस तारखेपर्यंत कळवायचंय. म्हणाली, जरा बसून बोलू या का? मी म्हटलं, त्यात बोलायचं काय, तू थोडीच जाणार आहेस! ती आत गेली. कुकर जरा जोरात आपटल्यासारखा वाटला.

सत्तावीस वर्षांचा संसार. बायकोला ओळखून आहे मी. तरी रिस्क नको. काहीतरी खास करायला हवं.

गुरुवार, ३ जुलै
देव पाठीशी आहे. ऑफिसातल्या शंतनूनं दोन कूपनं दिली. आमच्या मागच्या गिरणीच्या जागी टॉवर झालाय ना, त्याच्या तळमजल्यावर फ्रेंच रेस्टॉरंट उघडलंय, तिथली. दोघं जेवा, एकाचं फुकट. पाटीवर नाव ‘ले पेटिट मौलीन’. शेजारचे बाबुराव म्हणाले, पेटिट हे पारशी आडनावच, तिथे धनसाक मागा. लोकांना एक्स्पोजर नसतं.

लग्नात अनुजाला म्हटलं होतं, पॅरिस दाखवीन. आता पॅरिसच लालबागला आलंय. एवढा रोमँटिक नवरा मिळाल्यावर नाशिकला कोण जातंय?

अटी वाचल्या. फक्त सोम ते गुरु. मुदत जुलैअखेर. आता आमच्याकडे सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा. खायचा वार उरला बुधवार. त्यात पंचवीसपासून श्रावण. म्हणजे तीन बुधवार. भरपूर झाले.

बुधवार, ९ जुलै
आज जाणार होतो. बूट मोच्याकडे राहिले. फ्रेंच ठिकाणी चपला बऱ्या दिसत नाहीत.

घरी बांगड्याचं तिखलं. दोन्ही बांगडे माझ्या पानात, तिच्या पानात वरण-भात. डाएट असणार. पन्नाशी आली की बायकांना फिगर आठवते. मला काय, बांगडा फर्स्ट क्लास होता.

तिनं पुन्हा नाशिकचं काढलं. म्हटलं, जेवताना नको, बुधवारी निवांत बोलू. म्हणाली, आज बुधवारच आहे.

शुक्रवार, ११ जुलै
तिला खूश करायला मासे आणायला स्वतः गेलो. कितीतरी वर्षांनी! आमची नेहमीची कोळीण म्हणते, वहिनींचे मिस्टर ना? मग एकाच माणसाचं देते, नेहमीसारखं. भर बाजारात! आम्ही काय भिकेला लागलोय? मुद्दाम दोन मोठी पापलेटं घेतली. घरी आल्यावर अनुजा पापलेटांकडे बघत राहिली. भारावली बिचारी.

दोन्ही मीच खाल्ली. तिचं डाएट.

सोमवार, १४ जुलै
बाथरूममध्ये फ्रेंचची प्रॅक्टिस. बोन्जूर म्हणजे नमस्कार, मेर्सी म्हणजे थँक्यू. चहा दिल्यावर अनुजाला म्हटलं, मेर्सी. तिनं विचारलं, कोण मर्सी? ऑफिसात नवीन आलीय का? समजावून सांगितलं. म्हणाली, हेच मराठीत कधी म्हणाला नाहीत.

जेलस झाली. चांगलं लक्षण आहे.

बुधवार, १६ जुलै
गेलो. अनुजा हिंदमातावरून घेतलेली मोरपंखी साडी नेसली होती. दारातली पोरगी म्हणाली, कूपन असेल तर आदल्या दिवशी बुकिंग करावं लागतं. ते इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं की मुंगीलासुद्धा चष्मा लागेल. मी आवाज चढवला. अनुजानं माझी बाही ओढली. म्हणाली, चला घरी, भात लावते.

दोन वर्षांपूर्वी आयसीयूत होतो, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. तिथून मी निव्वळ विलपॉवरवर उठून बसलो. तो माणूस एका टेबलासाठी हरेल?

येताना ती म्हणाली, अहो, मी जाऊ की नको, एवढं एकदा नीट सांगा. मी म्हटलं, पुढच्या बुधवारी, योग्य ठिकाणी, योग्य वातावरणात.

मंगळवार, २२ जुलै
बुकिंग पक्कं! फोनवरच्या बाईनं विचारलं, आधी सांगून ठेवावं लागतं, सर, मॅडमसाठी व्हेज, चिकन की फिश? मला हसूच आलं. म्हटलं, मालवणच्या माणसाला असं विचारतात का? दोन्ही फिश! नंतर बदल होणार नाही म्हणाली. म्हटलं, करायचाय कुणाला?

बुधवार, २३ जुलै, सकाळ
सगळीकडे गटारीची गडबड. आज खायचा शेवटचा बुधवार, आणि उद्या तिला बँकेला कळवायचंय. तयारी फुल. बूट आले. भाषण पाठ: आधी पॅरिस, मग सत्तावीस वर्षांचा संसार, शेवटी नाशिकची थंडी. थंडीवर ती विरघळणारच.

गुरुवार, २४ जुलै
लिहायला मन होत नाही. पण झालं ते असं.

बसलो. मेणबत्ती होती. बोन्जूर म्हटलं, वेटर विक्रोळीचा निघाला. मासा आला. बटरमधला, अख्खा, लिंबाची फोड घातलेला. मी काटा-चमचा उचलला. अनुजा पाव मोडत बसली होती. म्हटलं, सुरू कर ना, गार होईल.

ती म्हणाली, “मी मासे सोडले, त्याला दोन वर्षं झाली.”

मला वाटलं, चेष्टा करतेय. माझ्या घरात रविवार-बुधवार-शुक्रवार मासे शिजतात! म्हटलं, कधी? कशासाठी? तिनं पाण्याचा घोट घेतला. म्हणाली, “तुम्ही आयसीयूत होतात ना, तेव्हा गावच्या सातेरीदेवीला नवस बोलले होते. माणूस घरी येऊ दे, मासे सोडीन.”

मालवणी बाई. माहेरी न्याहारीला सुकट खाणारी. बोलणारच होतो मी. देवाशपथ बोलणारच होतो. तेवढ्यात तो वेटर मध्ये तडमडला. म्हणाला, मॅडमसाठी मश्रूमचं काहीतरी करून आणू का? मी त्याला फक्त एवढंच विचारलं, की ते कूपनमध्ये बसतं का?

एवढंच विचारलं. कुणीही विचारलं असतं.

अनुजा माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. राग परवडला असता. मग तिनं वेटरला सांगितलं, नको, माझं झालं. माझं भाषण पोटातच राहिलं. आज सकाळी तिनं बँकेला हो कळवलं.

रविवार, २७ जुलै
तिचा भाऊ निलेश गाडी घेऊन आला. दोन बॅगा, एक इस्त्री. इस्त्री कशाला, विचारलं. म्हणाली, ती माझी आहे. जाताना मिसळणाचा डबा कुठे असतो ते दाखवलं. मी म्हटलं, जपून जा. जाऊ नकोस म्हणायचं होतं, पण निलेश समोर होता, आणि गाडी डबल पार्किंगमध्ये होती.

शेजारच्या कौसल्याबाई, म्हणजे बाबुरावांची मंडळी, जेवण घेऊन आल्या. त्यांना नवसाचं ठाऊक होतं. बाबुरावांना ठाऊक होतं. त्या कोळणीलासुद्धा ठाऊक होतं, म्हणून ती एका माणसाचं म्हणाली. दोन वर्षं रोज समोरासमोर जेवलो आम्ही. मी तिच्या पानात बघितलंच नाही.

बुधवार, ३० जुलै
दुसऱ्या कूपनची मुदत उद्या संपतेय. रेस्टॉरंटला फोन करून विचारलं, एकटा आलो तर? नाही म्हणाले. किमान दोन माणसं लागतात. बाबुरावांना देऊन टाकलं. बघू दे त्यांना धनसाक मिळतंय का.

वरण-भात केला. वरण खाली लागलं. खाता खाता एकदम ठरवलं आणि तसाच उठून अनुजाला फोन लावला. नाशिकला पाऊस आहे म्हणाली, खोली बरी आहे. मी म्हटलं, ऐक, मी आजपासून मासे सोडले. तू परत येईपर्यंत. अगदी मनापासून सांगतोय.

ती म्हणाली, “अहो, श्रावणात सगळेच सोडतात.”

नंतर विचारलं, जेवलात का. हो म्हणालो.