डोमाच्या खुर्चीवरचा दुपट्टा

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू : कूलर तीन. धान उफणायचा पंखा एक. देव्हारा (दार जरा घासतं — लाकूड फुगलं, माझी चूक नाही). पोकरचे पितळी टोकन आठशे, एकूण एक कानशीने घासलेले. आणि आठकोनी टेबल. सागवान, चौदा महिने, एकही खिळा नाही!

पोकरही स्वतःच शिकलो, मोबाइलवर बघून. लाखनीत सगळ्यांना मीच शिकवला.

पुढच्या रविवारी टूर्नामेंट. पहिलं बक्षीस हेच टेबल. बायको म्हणाली, "अन् हारले तं?"

हसलो.

११ फेब्रुवारी

सगळ्यांना फरक समजावला. रोजच्या खेळात टोकन संपले की खिशात हात घाला, आणखी घ्या. टूर्नामेंटमध्ये प्रत्येकी शंभर. संपले — उठा! वर ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघायच्या आधीच पाळीपाळीने टाकायची सक्तीची बोली, दर अर्ध्या तासाने दुप्पट. वाट बघणारा वाट बघतच झिजतो. म्हणून हल्ला करायचा.

तुमसरचे राइस मिलवाले हिरालालशेठ म्हणाले, "भाऊ, मले तं दोन्ही सारखेच दिसून राहिले."

दिसणारच.

१५ फेब्रुवारी

नियम क्र. १४ घातला. गैरहजर खेळाडूलाही पत्ते वाटायचे, त्याची ब्लाइंड टाकायची, पाळी आली की त्याचे पत्ते फेकायचे, म्हणजे तो डाव सोडायचा. नियम म्हणजे नियम.

१६ फेब्रुवारी, रविवार

लिहवत नाही.

१७ फेब्रुवारी

लिहितो.

अकराला सुरुवात, माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात. खेळाडू आठ. त्यातला डोमा फी भरून भाच्याच्या लग्नाला निघून गेला. रिकामी खुर्ची बरी दिसत नाही, म्हणून तिच्यावर माझाच खांद्यावरचा दुपट्टा टाकला. चौकड्याचा, धुतलेला. नियम क्र. १४ लागू.

बारापर्यंत तिघे उठले. हल्ला सगळ्यांनीच केला — माझंच ऐकून! मग आणखी दोघे. दुपट्टा गप्प.

पाऊण वाजता उरलो तिघे : मी, शेठ आणि दुपट्टा. माझ्या हातात बादशहाची जोडी. सगळे टोकन लोटले. शेठनेही लोटले — सत्ती अन् दुर्रीवर! मधल्या, सगळ्यांच्या सामाईक पाच पत्त्यांत आणखी दोन सत्त्या निघाल्या. तीन सत्त्यांपुढे माझी जोडी गेली.

"हे पत्ते काहून धरले, शेठ?"

"आवडले, भाऊ."

मी तिसरा. दुपट्ट्याकडे अजून सव्वीस टोकन. माझाच दुपट्टा, माझ्याच वर!

पुढचं आणखी वाईट. शेठ त्याला घाबरले. तीनदा स्वतःचे पत्ते आधीच फेकले. "याच्या तोंडावरून काहीच समजत नाही नं!" शेवटी जिंकले ते. पण घाम पुसत.

टेबल टेम्पोत चढवताना कोपरा दाराला लागू दिला नाही. तेवढं मी सांभाळलं.

संध्याकाळी डोमाचा फोन. "मी दुसरा आलो म्हणतात. काय खेळलो जी मी?"

१९ फेब्रुवारी

बायको, टेबलाच्या रिकाम्या जागी : "आता झाडू तं नीट मारता येते."

२३ फेब्रुवारी, रविवार

रोजचा खेळ. चटईवर! मुद्दाम दुपट्टा बसवला, नियम तेच. त्याचे शंभरचे शंभर तीन तासांत गेले. तो शेवटचा.

आता कळलं. रोजच्या खेळात कुणी उठतच नाही, संपले की आणखी घेतात. तिथे गप्प बसून काही मिळत नाही. टूर्नामेंटमध्ये दुसरे उठतात आणि गप्प बसणारा आपोआप वर जातो. मी अकरा तारखेला शिकवलं ते चूक नव्हतं. अर्धं होतं. उरलेलं अर्धं धुऊन दोरीवर वाळत घालत होतो इतकी वर्षं.

२५ फेब्रुवारी

शेठ टेम्पो घेऊन आले. टेबल टेम्पोतच. उतरायच्या आधीच बोलले, "भाऊ, नागपूरले मोठी टूर्नामेंट आहे. तो दुपट्टा देऊन टाका. टेबल वापस, वरून रोख."

टेबलाचा कोपरा बोटाने चाचपला. शाबूत होता. बायको दारातून बघत होती. दुपट्टा माझ्या खांद्यावर.

"नागपूरले आमी दोघं चाललो, शेठ."

नाही म्हणालो. टेबलाला, वरून एकवीस हजारांना.