बादलचं पोट

जळगाव,
मे महिन्याची अखेर

प्रिय रोहिणी,

आधी खोलीचं दार लावून घे आणि मगच पुढे वाच. हे पत्र मी तुला धुळ्याला पाठवायच्या ज्वारीच्या पापडांच्या, आपल्या बिबड्यांच्या डब्यात अगदी तळाशी, कागदाखाली ठेवते आहे. विहीणबाई आमच्या बिबड्यांना हात लावत नाहीत, खारट असतात म्हणतात, म्हणून हीच जागा बरी वाटली. फोनवर हे बोलता आलं नसतं. तुझा फोन हल्ली कायम स्पीकरवर असतो. मी हॅलो म्हटलं की मागे कुकरची शिटी, टीव्ही आणि कोणाचा तरी खोकला ऐकू येतो. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तुझ्याआधी दुसरंच कोणी वाचत असेल. तू म्हणशील, आईचा स्वभावच संशयी. तुझे आबाही तेच म्हणतात. दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत मी कोणावर विश्वास ठेवत नाही, हे खरं आहे, आणि त्यातले निम्मे तरी चोर निघाले हेही खरं आहे. तू माझ्यापासून काहीतरी लपवते आहेस, आणि काय ते मला कळलंय. पण मला ते बादलमुळे कळलं, म्हणून तिथूनच सांगते.

आखाजीच्या सणाआधी हितेंद्रराव तुमच्या कानूला इथे सोडून गेले, तेव्हा तिच्या हातात तो पिंजरा होता. आत राखाडी रंगाचं, उंदरापेक्षा मोठं आणि सशापेक्षा लहान असं ते गिनिपिग. पाण्याची बाटली, गवताची पिशवी, बसायला लाकडी घर, सगळं साग्रसंगीत. मी तेव्हाच आबांना म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय. पोरगी दोन वर्षं कुत्र्याचं पिल्लू मागत होती, तेव्हा या माणसाने केस गळतात म्हणून नाही म्हटलं. जत्रेत फुगा घ्यायचा तरी तो आधी फुगेवाल्याशी वाद घालतो. आणि आज एकदम पिंजऱ्यासकट जनावर? मी कानूला विचारलं. ती म्हणाली, शाळा उघडेपर्यंत न रडता आजीकडे राहिलीस तर मिळेल, असं बाबांनी कबूल केलं होतं. सात वर्षांच्या लेकराला लाच द्यायची, म्हणजे तिला घराबाहेर ठेवायची घाई कोणाला तरी झाली होती. तू मात्र आली नाहीस. दहावीचे पेपर तपासायचे आहेत म्हणालीस. सातवी-आठवीला शिकवणारी बाई दहावीचे पेपर कधीपासून तपासायला लागली, ते मी विचारलं नाही. आखाजीला लेक माहेरी आली नाही, असं आपल्याकडे आजवर झालं नव्हतं. आबांनी निंबाला झोका बांधला, त्यावर कानू एकटीच बसली.

आता बादलचं ऐक. दुकानदाराने नर म्हणून दिलेलं, नुकतंच दोनेक महिन्यांचं पिल्लू. आल्यापासून शिंकत होतं, एका डोळ्याला चिकट पाणी यायचं. मला आधी दुकानदाराचा संशय आला, की आजारी माल गळ्यात मारला. जळगावचा उन्हाळा तुला माहीत आहे. दुपारी आपल्यालाच धड श्वास घेता येत नाही, तिथे त्या अंगभर केस असलेल्या जिवाचं काय होत असेल. मी पिंजरा कुलरच्या खोलीत ठेवला. आणि शिंका थांबाव्यात म्हणून, तुला आणि तुझ्या भावाला लहानपणी द्यायचे तशी, शेगडीवर ओवा टाकून धुरी दिली. बिचारं कोपऱ्यात तोंड खुपसून बसलं आणि संध्याकाळपर्यंत दुप्पट शिंकलं. कानू माझ्याशी बोलेना. मग मी त्याला केळी सुरू केली. मूळच्या रावेरच्या, केळीच्या मुलखातल्या माणसाला दुसरं काय सुचणार. आमच्याकडे तापाला केळं, अशक्तपणाला केळं, पाहुणा आला तरी केळं. ते आवडीने खायचं, मला बरं वाटायचं.

थोड्याच दिवसांत पोट वाढायला लागलं. दोन्ही बाजूंनी फुगून ते खोगीर घातलेल्या गाढवासारखं दिसायला लागलं. कौतिकमामा आला होता, त्याने वरूनच बघून सांगितलं की हे केळ्यांचं पोट आहे, वायू धरलाय. मलाही तेच पटलं. मी केळी बंद केली. तरी पोट वाढतच राहिलं, आणि एक दिवस बादल कुशीवर पडून राहिलं. गवताला तोंड लावेना, पाणी पिईना. कानू पिंजऱ्याशेजारी चटई टाकून बसली आणि तिनेही जेवण सोडलं. बादल मेला तर मी धुळ्याला जाणारच नाही, असं म्हणाली. मी म्हटलं, आधी दवाखान्यात तर जाऊ. पिंजऱ्यावर ओला टॉवेल टाकला, रिक्षा केली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे आमच्यापुढे एक म्हैस आणि दोन शेळ्या. लोक आमच्या पिंजऱ्याकडे बघून हसत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात मायेचा. त्यांनी बादलला टॉवेलमध्ये घेतलं, पोटाला दोन बोटं लावली आणि म्हणाल्या, हा नर नाही, ही मादी आहे, आणि गाभण आहे. दुकानात नर-मादी एकाच खोक्यात कोंबतात, आणि ही जात एवढीशी असतानाच पोटुशी राहते. अजून हिचंच अंग भरलेलं नाही, त्यात उन्हाळा, त्यात खाणं चुकीचं. बाळंतपणात जीव जाऊ शकतो, असं स्पष्ट म्हणाल्या. धुरीचं ऐकल्यावर तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. केळी नको, पेरू, कोथिंबीर, ढोबळी मिरची द्या, गवत भरपूर द्या, गार जागेत ठेवा, सारखी उचलू नका. मी मान खाली घालून ऐकलं. वयाच्या साठीत असं ऐकून घ्यायची सवय नसते. पण चूक माझीच होती. पोट दिसत होतं, आणि मी ते केळ्यांवर ढकललं होतं.

पिल्लं जिवंत आहेत का ते बघायला त्यांनी शेळ्यांसाठी असलेलं सोनोग्राफीचं मशीन लावलं. कानू स्टुलावर चढून पडद्याकडे बघत होती. बारीकसं काहीतरी धडधडताना दिसलं. कानूने आधी पडद्याकडे बघितलं, मग खोलीच्या चारी भिंतींकडे. लाळ्या-खुरकूत लसीचं पत्रक वाचलं, दुधाच्या स्पर्धेचं वाचलं, आणि मग डॉक्टरीणबाईंना विचारलं की तुमच्याकडे ती पाटी का नाही. कोणती पाटी, असं त्यांनी विचारलं. तर हिने पाढे म्हणावेत तसं घडाघडा म्हणून दाखवलं, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. मम्मीच्या डॉक्टरकडे लावलीय, मी बाहेर बसून पुष्कळदा वाचली, म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू आलं नाही.

घरी आल्यावर मी लेकराला काही विचारलं नाही, असं खोटं लिहिणार नाही. विचारलंच. काकडी चिरताना, इकडचं तिकडचं बोलत, ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं विचारलं. तिने सरळ सांगितलं. मम्मी सकाळी उलट्या करते, पण ते कोणाला सांगायचं नाही. बाबा आणि मम्मी सुरतेला साड्या घ्यायला जाणार आहेत, तिकडे बाबांच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, ते सांगतात. काय सांगतात, हे मी विचारलं नाही. तिनेच पुढे सांगितलं, की धुळ्याची आजी म्हणाली, एक पोरगी शे ना, आते आधी देखी ल्या, मंग काय ते ठरवा. हे ती विहीणबाईंच्या आवाजात म्हणाली, अगदी हुबेहूब.

मग मला एकेक आठवायला लागलं. कौतिकमामाच्या नातवाच्या लग्नात मी तुझ्यापुढे पपईच्या फोडी केल्या, तर तू ताट सरकवलंस. लहानपणी पपईसाठी भांडणारी तू. मला तेव्हा वाटलं, उन्हाने पित्त झालं असेल. उन्हाने पित्त, केळ्यांनी पोट. माझ्या डोळ्यांवर या वर्षी काय झापड आली होती, देव जाणे. आखाजीला न येणं, दहावीचे ते खोटे पेपर, लग्नसराई संपत आली असताना साड्यांची खरेदी. आणि विहीणबाईंचा गोड झालेला आवाज. कानू झाली तेव्हा बारशालासुद्धा फिरकल्या नाहीत. मी फोन केला की एरवी त्या तुझ्या तक्रारी सांगतात. परवा मात्र एका दमात तीनदा म्हणाल्या, आठे बठ्ठं बरं शे, इकडे सगळं बरं आहे, काळजी करू नका. त्यांच्या तोंडून बठ्ठं बरं शे ऐकलं आणि माझी उरलीसुरली झोप उडाली.

हितेंद्ररावांना मी राक्षस म्हणत नाही. रोज संध्याकाळी कानूला फोन करतात, बादलने काय खाल्लं ते विचारतात. पण आईसमोर त्या माणसाचं तोंड उघडत नाही, आणि ते न उघडणं सगळ्यांच्याच सोयीचं ठरतं. खरं सांगू का, मला त्यांच्यापेक्षा तुझा जास्त संशय येतो. रविवारी मी फोनवर नुसतं विचारलं, सुरतेला जाणार आहात का गं. तर तू म्हणालीस, आई, तू यात पडू नकोस. आवाज तुझाच होता, कोणी मागून शिकवलेला नव्हता. तेव्हापासून मी विचार करते आहे, की तुला ओढत नेतायत की तू स्वतः चालत जाते आहेस. पुन्हा मुलगी झाली तर काय काय ऐकावं लागेल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला दुरून बोलणं सोपं आहे, हेही कळतं. कळतं, आणि तरी मला तुझा राग येतो. एकाच वेळी तुला कुशीत घ्यावंसं वाटतं आणि एक थोबाडीत द्यावीशी वाटते.

काल सकाळी बादल व्याली. मला वाटत होतं ती जगत नाही, पण जगली. दोन पिल्लं झाली. या जातीची पिल्लं डोळे उघडे, अंगावर केस, अशीच जन्मतात आणि थोड्या वेळात पळायला लागतात. बादल थकून पडली होती, पण दुपारी कोथिंबिरीची काडी तिने माझ्या हातून खाल्ली. डॉक्टरीणबाई घराकडे जाताना मुद्दाम थांबल्या, तिघींना तपासलं आणि म्हणाल्या, दोन्ही मादीच आहेत, छान आहेत. मला वाटलं, कानू नाचेल. ती नाचली नाही. स्वयंपाकघरात येऊन माझा पदर धरून म्हणाली, आजी, बाबांचा फोन आला की दोन्ही मुलगे झाले म्हणून सांग, आणि यांना धुळ्याला न्यायचं नाही, इथेच ठेवू. मी हो म्हणाले. संध्याकाळी फोन आला, आणि मी तुझ्या नवऱ्याला खोटं सांगितलं. तो म्हणाला, वा, छान झालं. कानू माझ्याकडे बघत होती. रोहिणी, तुझ्या लेकीला सगळं कळलंय, आपली किंमत काय तेसुद्धा, म्हणून हे पत्र लिहिते आहे. गुरुवारी आबा गाडी घेऊन येतील. आईची तब्येत बरी नाही सांग, ते काही खोटं नाही. तू ये. मुलगा असो, मुलगी असो, बाळंतपण मी करीन, आणि पुढचं काय ते तुझे आबा आणि मी बघू. आणि तुला स्वतःलाच सुरतेला जायचं असेल, तरी आधी इथे ये. कानूला समोर बसव आणि कशासाठी जाते आहेस ते तिला तुझ्या तोंडाने सांग. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

वाट बघणारी, तुझीच
आई