पंडुमच्या आधी तोडलेली कैरी

५ एप्रिल १९८६, अहेरी
आज सकाळी साडेसात वाजता, लालसू पुजाऱ्याच्या गावात, विद्यापीठाच्या वनस्पतीवाल्या प्राध्यापकांनी आंब्याची फांदी कैऱ्यांसकट कापली. पंडुम, नव्या फळाचा सण, व्हायचा आहे अजून. गावाची पूजा होईपर्यंत तिथं नव्या आंब्याला कुणी हात लावत नाही, डोहाळेवालीसुद्धा नाही. सगळं गाव उभं राहून पाहत होतं. तेच जास्त लागलं.
या लोकांना गावात नेलं मी. नर्सबाईचा शब्द म्हणून गावानं घेतलं.

६ एप्रिल
त्यांच्या समाजशास्त्राच्या बाईंना विचारलं, हे ठाऊक नव्हतं?
"होतं ना. पुजाऱ्यानं आदल्या संध्याकाळीच सांगितलं. टेप केलंय."
मग सांगितलं का नाहीत?
"त्यांचा विषय वेगळा आहे."
एका जीपमधून आले, एका पातेल्यातला भात जेवले. अभ्यासाचं नाव काय, तर 'प्रदेशाचा एकात्मिक अभ्यास'. भूगोल, इतिहास, समाज, वनस्पती. कॉन्व्हेंटातल्या आमच्या मदरनं चौघांना एका बाकावर बसवून एकमेकांचे धडे पाठ करायला लावले असते.

८ एप्रिल
लालसू बाजाराला आला होता, घरी आला. गावचा पुजारी तोच. चहाला नको म्हणाला. आजवर कधी म्हणाला नव्हता.
"पंडुम थांबला, बाई. ज्यानं तोडलं त्याले येऊन बसा लागते. कोंबडा आमी देऊ."
म्हटलं, दंड भरायला लावते.
"दंड काऊन? पैसा असन त्याच्याजोळ. त्यानं यावं, आमच्यासंग बसून खावं. झालं."
मी बसले तर?
"तू कुठी तोडलं? तुले त झाडावर चढताबी येत नाई."
हसला. मीही. मग उठताना, "सुनेचे दिवस भरून राह्यले. तुले बोलवाचं का नाई, गाव ठरवन."
त्याच्या घरची सगळी बाळंतपणं माझ्या हातची. या सुनेचा नवरा झालेला तो मुलगाही.

११ एप्रिल
विश्रामगृहावर गेले. पथकप्रमुख म्हणाले, "मॅडम, हा भावनेचा प्रश्न आहे. आमच्या अभ्यासाच्या चौकटीत बसत नाही."
म्हटलं, चौकट मोठी करा. सुतार मी देते.
वनस्पतीवाले खाली बघत होते. जायला तयार असावेत, असं वाटलं. पण प्रमुखांनी त्यांना बोलू दिलं नाही.

दुपारी जीप गेली. फांदी टपावर, वर्तमानपत्रांत दाबलेली.

१३ एप्रिल
गावाकडून निरोप नाही. पाडाच्या कैऱ्या झाडाखाली पडून सडताहेत म्हणे, पोरं वळसा घालून जातात.
प्रमुखांना रजिस्टर पत्र टाकलं. शेवट असा:
'फांदी कापणाऱ्यानं गावात येऊन बसायचं आहे. तो येणार की नाही, एवढंच लेखी कळवावं, २५ एप्रिलच्या संध्याकाळी पाचच्या आत. सह्या चौघांच्याही हव्यात. "तो माझा विषय नाही" हे उत्तर धरलं जाणार नाही.'