बाबा टेबलापाशी पाठमोरे असतात

१७ तारीख, मंगळवार, सकाळ

प्रिय ठकूस,

आईचे अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. हे वाक्य तू दोनदा वाचशील, ओळखून आहे मी तुला. आपलं शिवणाचं दुकान चालू आहे. काजवाली रोज येते, काजं कमी नि गप्पा जास्त करते. तू पाठवलेली शाल मिळाली. रंग सुरेख, पण कडेची टीप कोणी घातली गं? उसवून मी परत घातली. खोड काही जात नाही.

आता बातमी. तीन आठवड्यांपूर्वी गुरुवारी दुपारी मी दुकानात पडले. घाबरू नकोस. मशीनच्या स्टुलावरून उठायला गेले आणि जमीनच वर आली. काजवालीने आरडाओरडा करून समोरच्या चष्मेवाल्याला बोलावलं, दोघांनी मला दवाखान्यात नेलं. नाडी अडतीस. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, गोळ्या किती घेतल्या?" मी म्हटलं, एकच. त्यांनी पुन्हा नाडी मोजली. मग म्हटलं, तीन.

विसरून नाही गं. मुद्दाम घेतल्या.

ही ब्लडप्रेशरची नि धडधडीची गोळी सुरू झाल्यापासून मला स्वप्नं पडतात. दुकान आपलंच असतं, पण भिंती मऊ, उजेड कुठून येतो कळत नाही, आणि कापायच्या टेबलापाशी पाठमोरे तुझे बाबा. निळं कापड कापत असतात. ते कापड संपतच नाही. टेबलावरून खाली, उंबऱ्यावरून बाहेर, रस्ताभर वाहत जातं, आणि येणारी-जाणारी माणसं पाय अलगद उचलून त्यावरून चालतात. कात्रीचा आवाज मात्र अगदी खरा. मला त्यांना एकच विचारायचं असतं. मी "अहो" म्हणते, ते खडू कानावर खोचतात, वळायला लागतात, आणि मला जाग येते. रोज हेच. हातातोंडाशी आलेला घास जातो.

म्हणून दुपारी एक जास्तीची घेऊन लवंडायला लागले. त्या गुरुवारी सकाळच्या एकीवर आणखी दोन घेतल्या. म्हटलं, आज तरी वळतील. नाही वळले. उठून मशीनवर बसले, नि पुढचं तुला सांगितलंच.

दोन दिवस मला तिथेच ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. म्हणाल्या, "ती स्वप्नं गोळीचीच. काहींना पडतात. आपण दुसरी देऊ." मी म्हटलं, मग ही आजपासून बंदच करते. तर त्या केवढ्यांदा ओरडल्या! "मनाने एकदम बंद करायची नाही! हृदय उसळी घेतं, छातीत कळ येते, झटकासुद्धा येऊ शकतो. मी सांगेन तशी हळूहळू उतरवायची."

ठकू, त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

बाबा गेल्यापासून दोन वर्षं तू त्यांच्यावर रागावली आहेस. "स्वतःच गोळ्या सोडल्या, आमचा विचारसुद्धा केला नाही," असं म्हणून त्यांचा फोटोही न नेता गेलीस. मी गप्प बसले. आता ऐक. त्यांनी सोडल्या नव्हत्या. मी सोडायला लावल्या. वाद्यवृंदाच्या बावीस कोटांची ऑर्डर होती. त्यांनाही हीच गोळी होती, तिने त्यांचे हात गार पडायचे, बोटं बधिर व्हायची, एक कोट आखूड कापला गेला. मी म्हटलं, "आठ दिवस नका घेऊ. एवढी ऑर्डर जाऊ दे. तुम्हाला कुठे काय धाड भरलीय!" ते हसले. म्हणाले, "तू म्हणतेस तर." पाचव्या दिवशी गेले. अठरा कोट झाले होते.

मला माहीत नव्हतं गं. पण विचारता आलं असतं. औषधांचं दुकान आपल्यापासून पन्नास पावलांवर आहे. मी दोऱ्याचं रीळ आणायला रोज त्यावरूनच जात होते.

स्वप्नात त्यांना हेच विचारायचं होतं, रागावलात का माझ्यावर.

आता अर्धी गोळी चालू आहे. गोळ्यांचा डबा काजवालीकडे. मी गिळेपर्यंत ती हवालदारासारखी उभी राहते. उठताना आधी जरा बसते, मग उभी राहते. स्वप्न विरळ होत चाललंय, कापडाचा निळा रंग उडालाय, बाबा लांब गेलेत. काल ती डबा टेबलावरच विसरून निघाली. आत चार अर्ध्या होत्या. मी झाकण उघडलं. खोटं कशाला बोलू, तळहातावर ओतूनही घेतल्या. मग दारात जाऊन तिला हाक मारली. परत येऊन तिने माझ्या तळहातावरच्या गोळ्या डब्यात भरल्या, डबा घेऊन गेली.

ते वळले असते तरी काय झालं असतं? हसलेच असते. त्या माणसाला रागावता कधी आलंच नाही. तुला येतं. तेव्हा त्यांच्यावरचा सगळा राग काढून घे, तो माझा आहे, मला दे. फोन कर आणि हवं तेवढं बोल. जन्मात पहिल्यांदाच, मी मध्ये बोलणार नाही.

"नका घेऊ" म्हणणारी ती मीच,
तुझी आई