कागदाआडचा आवाज

२ तारीख, रविवार

आलो एकदाचा स्वतःच्या जागेत. पुढे शटर असलेलं वर्कशॉप, मागे राहायला दोन खोल्या, मधे एक दार. चहाचा कप हातात घेऊन कामावर जायचं, तोही गरम असतानाच. दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी रेडिओ उघडायला शिकलो. मला हा राजवाडाच आहे.

मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात. बोलक्या आहेत. शटरची एक किल्ली मला दिली, एक स्वतःकडे ठेवली. गिऱ्हाईक आलं आणि तुम्ही अंघोळीत असलात तर मी उघडते म्हणाल्या. इथे आधीही अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाराच होता. शेवटी शेवटी तो वर्कशॉपमध्ये बोलेनासा झाला, गिऱ्हाइकांना चिठ्ठ्या लिहून द्यायचा आणि एक दिवस हत्यारं टाकून चालता झाला. बाई म्हणाल्या, त्याला बायको नव्हती तरी मुका झाला, तुम्ही तर बायको आणताय, सांभाळा.

बायको आणि आमची पोरगी बुटकी शनिवारी येणार. तोवर घर लावायचं आहे.

३ तारीख, सोमवार

पहिलं गिऱ्हाईक! खांद्याखाली केस, बोटांत अंगठ्या. मी मनातल्या मनात नाव ठेवलं जटाधारी. गिटारचा अ‍ॅम्प घेऊन आला, व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे दिवे, तापले की बोलणारे. आवाज दमलाय म्हणाला. दिवे दमले होते, दुसरं काही नाही.

बाजारातून आणलेला संच लावला तर एक दिवा सुरुवातीपासूनच फुसफुसणारा. आधीच्या मेकॅनिकच्या खणात कापसात गुंडाळलेला एक संच सापडला, काच स्वच्छ, पाय चकचकीत. तो लावला. काय सांगू! एक तार छेडली आणि अंगावर मऊ दुलई पडावी तसा सूर आला. जटाधाऱ्याला फोन करायला उठलो तेवढ्यात आतून ठक्‌ आवाज झाला, मग बारीक शीळ. म्हटलं, आलास का लाइनीवर.

४ तारीख, मंगळवार

नवे दिवे लावल्यावर कटकट झाली की बघायचं ते सगळं बघितलं. सॉकेट साफ केली, दिव्यांचा करंट जुळवला. मग पेन्सिल घेतली. दिव्यावर पेन्सिलीच्या लाकडी टोकाने टिचकी मारायची. जो दिवा ढिला असतो तो मायक्रोफोनसारखा वागतो, टिचकी स्पीकरच्या कागदी पडद्यातून मोठ्याने वाजते. असा दिवा खोलीतलं बोलणंसुद्धा पकडतो.

हा पकडत होता. फक्त, टिचकी स्पीकरमधून आधी आली. पेन्सिल मग टेकली.

कान दमले म्हणून चहा घेतला. माझे कान म्हणजे भिंतीपलीकडे चमचा पडला तरी दिशा सांगणारे. परत बसलो. ठक्‌. मग टिचकी. दिव्यांच्या जागा बदलल्या. दोष दिव्यात असेल तर तो दिव्याबरोबर जातो, अ‍ॅम्पमध्ये असेल तर जागेवरच राहतो. हा दोन्हीकडे होता.

झाकण उघडं असताना माझा डावा हात खिशात असतो. चालू सामानाला दोन्ही हात लागले तर झटका छातीतून जातो. बुटकीलाही हेच शिकवलंय, वर एक नियम जादा: बाबाच्या टेबलावरची वस्तू विचारल्याशिवाय उचलायची नाही. विचारायचं, मी घे म्हटलं तरच घ्यायची. तिने आजवर एकदाही मोडला नाही. आईचं ऐकत नाही, पण हे ऐकते.

५ तारीख, बुधवार

स्पीकरमध्ये फोन वाजला. उठून पाहतो तर फोन गप्प. परत बसतोय तोच खरा वाजला. बुटकी होती. तिकडे माझा जुना टेस्टर सापडलाय, बरोबर घेऊ का विचारत होती. घे म्हटलं.

दुपारी बाईंच्या चपला जिन्यावर ऐकू आल्या, मी आधीच दार उघडून उभा. बऱ्याच वेळाने खरंच उतरल्या. म्हणाल्या, वाटच बघत होता वाटतं. गिऱ्हाईक यायच्या आधी कळायला लागलं तर दुकानदाराचं नुकसान काय, असा विचार करून हसलो.

खणातले दिवे काढून जटाधाऱ्याचे जुने परत लावले. तरी तेच. आता हसू कमी येतंय.

६ तारीख, गुरुवार

वायर भिंतीतून काढली. दिवे सगळे काढले, खोक्यात घातले. नुसता पत्र्याचा सांगाडा उरला. तरी बोलतो.

आणि अंतर वाढतंय. आधी घोटभर, मग दुपारभर. आज सकाळी स्पीकरमधून आलेलं कुत्र्याचं भुंकणं संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं नव्हतं, मग झालं.

जेवण आटपून टेबलाशी आलो तर शटर वर गेल्याचा आवाज. बॅगेची चाकं, एक चाक किरकिरणारं. आमचीच बॅग. मग बुटकी हसली. माझे डोळे भरून आले, म्हटलं, पोरगी पोचणार सुखरूप.

मग ती जवळून, अगदी टेबलाशी उभी राहून बोलली.

"बाबा, हे हातात घेऊ?"

आणि माझा आवाज म्हणाला, "घे."

मग विजेचा तो चटका. असा आवाज मी ओळखतो, आमच्या धंद्यात सगळेच ओळखतात. काहीतरी लहानसं जमिनीवर पडलं. बायको ओरडली. ते लिहीत नाही.

एक गोष्ट कानाला खटकली. बुटकीचा आवाज स्वच्छ होता. माझा मात्र कागदाआडून आल्यासारखा, थोडा फाटका. घाबरल्यामुळे असेल.

७ तारीख, शुक्रवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर असं म्हणून.

सकाळी बायकोला फोन केला, येऊ नका म्हटलं. हसली. म्हणाली, सडाफटिंग राहायची चटक लागली वाटतं. घर सोडलं, किल्ली दिली, आता कुठे राहू? कारण काय सांगणार? उद्या संध्याकाळच्या बसने येतात.

अ‍ॅम्प बाहेर टाकायचा ठरवलं. वायर काढली तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, म्हणून ते आधी रिकामे केले. मीटरने पाहिलं, काही नाही. डावा हात खिशात. उजव्या हाताने उचलायला गेलो आणि मी भिंतीपाशी पडलेलो होतो. बोटं अजून माझी वाटत नाहीत.

दुसऱ्या कुणाला उचलायला सांगू? कुणाला सांगू? जटाधारी गावाला गेलाय, सोमवारी येतो म्हणाला.

दिवसभर तेच चालू आहे. शटर, चाकं, हसणं, ते विचारणं, घे. पुन्हा शटर.

बाईंकडे त्यांची किल्ली मागितली. शोधून देते म्हणाल्या. घाईत होत्या.

८ तारीख, शनिवार, सकाळ

तो मेकॅनिक का गप्प झाला ते कळलं. आपण बोलायचंच नाही. मी घे म्हणालो नाही तर ती हात लावणार नाही. लावणारच नाही. माझी पोरगी आहे.

मधल्या दाराला कुलूप घातलं. शटरलाही. संध्याकाळी बसथांब्यावरूनच दोघींना दुसरीकडे नेतो. कुठेही. तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. फोनवरसुद्धा नाही. दोनदा वाजला, उचलला नाही.

दुपार

फोनवर बायकोचा निरोप आलाय, आत्ता पाहिला. सामानाच्या टेम्पोत जागा मिळाली, लवकर निघा— नाही, निघालो असं लिहिलंय. कधीचा आहे हा—

पुन्हा सुरू झालं दारापलीकडे. शटर. चाकं, ते किरकिरणारं. ऐकायचं नाही. स्पीकर आहे तो. कालपासून तोच— लिहीत राहायचं. हसली. बाईही हसतायत बरोबर. बाई पूर्वी नव्हत्या त्यात—

दाराखालच्या फटीत उजेड आला. शटर उघडल्यावर येतो तसा. स्पीकरमधून उजेड कसा—

किल्ली. खिशात नाही. उजव्या हाताला कळत नाही काय धरलंय ते—

"बाबा, हे हातात घेऊ?"

ओरडायला बघतोय, आवाज फुटत नाही. सकाळपासून मिटून मिटून— माझं तोंड बंद आहे. दात दातावर. मी काही बोललेलो नाही. मी नाही—

आणि पलीकडून, कागदाआडून, मी म्ह